कोठी रिकामी आहे, हे कशावरून?

अण्णा, निळा रंग अजूनही सात-आठ सेकंदांतच जातो. तुम्ही गेलात म्हणून तो एक क्षणही जास्त थांबला नाही.

हे कागद तुमच्याखेरीज आणखी एका माणसाने वाचायचे आहेत, म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही लिहितो. उंदराचे यकृत वाटून, क्षारात उकळून, ईथरमध्ये ओढून घेऊन शेवटी क्लोरोफॉर्मचे चार थेंब हाती लागतात. त्यात आपले ते अँटिमनीचे द्रावण ओतले की निळा रंग चढतो. जितके ए जीवनसत्त्व, तितका गडद. पण चढतो न चढतो तोच उतरू लागतो. म्हणून दोन माणसे लागतात. एकाने ओतायचे, दुसऱ्याने यंत्राच्या काट्याला डोळा लावून बसायचे आणि काटा सर्वांत वर जाईल तो आकडा मोठ्याने वाचायचा. उजेडाने हे जीवनसत्त्व नासते, म्हणून खोलीला काळे पडदे. बारा वर्षे मी ओतत आलो आणि तुम्ही वाचत आलात. मी म्हणायचो, "ओतलं!" आणि अंधारातून तुमचा आवाज यायचा, "एकेचाळीस! लिही!" त्या आवाजात शंका कधी नसायची. माझ्या लिहिण्यात मात्र असायची. आठावर वेलांटीसारखे काहीतरी काढतोस म्हणून तुम्ही चिडवायचात.

मी साताऱ्याहून पुस्तकांची ट्रंक घेऊन ह्या कन्नड मुलखातल्या प्रयोगशाळेत आलो त्या दिवशी तुम्ही प्राण्यांच्या घरात, हातात एक पांढरा उंदीर धरून उभे होता.

"काय ओ, साताऱ्याचे काय तुम्ही? कन्नड येतं?"

"नाही."

"मग आधी ह्यांच्याशी बोला. ह्यांना मराठी कळतंय. खानापूरचं मराठी. साताऱ्याचं कळेल का नाही, सांगता येत नाही."

पंधरा दिवसांत तुमचे 'तुम्ही' गेले आणि मी 'मास्तर' झालो, कारण तुमच्या इंग्रजी मसुद्यातले स्वल्पविराम मी दुरुस्त करून आणले होते. तुम्ही ते वाचून म्हणालात, "मास्तर, शास्त्र माझं, आणि विराम तुझे." मी मात्र तुम्हाला शेवटपर्यंत अण्णाच म्हणत राहिलो. सगळेच म्हणत. उंदरांना खायला घालणारा मुनियप्पा तुमच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पण तोही अण्णाच म्हणे.

आपला वाद त्या आम्लावरून सुरू झाला. साठ सालच्या आसपास बाहेरच्या देशांतून वाचनात येऊ लागले की ए जीवनसत्त्वाचे आम्ल करून उंदरांना दिले तर उंदीर छान वाढतात, पण आंधळे होतात. तुम्ही स्वतः ते करून बघायचे ठरवलेत. तीन महिन्यांनी पिंजऱ्यात काय होते! तुकतुकीत कातडी, भरलेले अंग, शनिवारी वजनाला घ्यावेत तर एकेक जण काट्यावर झोकात बसणारा. आणि पाण्याच्या नळीपाशी जाताना मिशांनी गज चाचपत जाणारा. मुनियप्पाने एकाला शेपटीशी धरून उचलले, डोळ्यांपुढून बोट फिरवले आणि म्हणाला, "दप्प आगिदे अण्णा, कण्णिल्ल." लठ्ठ झालाय, पण डोळे नाहीत. आपल्या दोघांच्या सगळ्या वह्यांचा सारांश त्या म्हाताऱ्याने एका ओळीत सांगितला होता. आपण हसलो.

त्यातून तुमचा सिद्धान्त निघाला. एकच जीवनसत्त्व, पण अंगात शिरले की त्याची रूपे निराळी आणि कामे निराळी. यकृतात साठवायचे रूप एक. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश झेलायचे रूप दुसरे. आणि आम्ल हे तिसरे. त्याच्यावर कातडी नीट राहते, हाडे वाढतात, पण एकदा आम्ल झाले की ते परत मागे वळून पहिली दोन रूपे घेत नाही, म्हणून डोळा उपाशीच. तुमचे म्हणणे, अंगातल्या बहुतेक पेशींना हे तिसरे रूपच हवे असते. डोळा आधी तक्रार करतो, म्हणून आपण सगळे शास्त्र डोळ्यावर उभे केले.

"आणि पेशीत जाऊन ते आम्ल करतं काय?" मी विचारायचो.

"मला काय ठाऊक?"

"मग सिद्धान्त कसा म्हणायचा ह्याला?"

"ठाऊक असतं तर नोकरी कशाला राहिली असती मर्दा? चल, कॉफी."

तो प्रश्न अजून तसाच आहे. तुम्ही बरोबर होता असे मला आता वाटते. तेव्हा तसे म्हणालो नाही. पुराव्याशिवाय काही मानायचे नाही, असा माझा बाणा होता. हा बाणा मी नेमका कुठे सोडला, तेच मला लिहायचे आहे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातली गोष्ट. जयनगरच्या तुमच्या जागेवर जोते झाले होते. तुम्ही, वहिनी आणि मी संध्याकाळी बघायला गेलो. तिकडे तेव्हा अर्धे रस्ते खणलेले होते, पाण्याचे नळ घालायला. सूर्य गेला होता, पण मला विटांवरचा शिक्का वाचता येत होता, इतका उजेड होता. तुम्ही बोलत बोलत सरळ चरात पाऊल टाकलेत आणि कमरेइतके आत गेलात.

वहिनी ओरडल्या. तुम्ही आतून म्हणालात, "काही नाही ग. नळाचं काम नीट चाललंय का ते बघतोय."

आम्ही तुम्हाला वर ओढले. वहिनी साडीच्या पदराने तुमच्या पँटची माती झटकत म्हणाल्या, "महिनाभर हेच चाललंय भावजी. दिवे लागायच्या वेळेला घरात भिंतीला हात लावत हिंडतात. विचारलं तर म्हणतात, उंदरांकडून शिकलो."

बारा वर्षे रातांधळ्या उंदरांच्या वह्या भरणारा माणूस, आणि रोज शेजारी बसणारा रातांधळा मला दिसला नव्हता. कसा दिसणार? आपली गाठ अंधाऱ्या खोलीतच पडायची. तिथे सगळेच चाचपतात. आणि तुम्हाला तिथला स्टूल, टेबल, यंत्राचा खटका हाताला पाठ. काट्याच्या पट्टीवर तेवढा बारीक दिवा असायचा, त्यामुळे आकडा तुम्ही बरोबर वाचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्यापुढे तपकिरी बाटली ठेवली. शार्कच्या यकृताच्या तेलाचा अर्क, उंदरांसाठी आणलेला.

"रोज थेंब घ्यायचे. अकराच्या कॉफीच्या आधी."

तुम्ही बाटली उजेडाकडे धरलीत. मग तुम्ही एक प्रश्न विचारलात. तो मी आता दिवसातून अनेकदा ऐकतो.

"कोठी रिकामी आहे, हे कशावरून म्हणतोस?"

कोठी म्हणजे यकृत. आपण दोघे असेच म्हणायचो. माणूस महिनोन्‌महिने पालेभाजी, दूध, लोणी खातो आणि त्यातले ए जीवनसत्त्व यकृतात साठत जाते. कोठी रिकामी झाली की मगच डोळा अडतो. निदान तेव्हा आपण असेच मानत होतो.

"डोळे सांगतायत," मी म्हणालो.

"डोळे एवढंच सांगतायत की डोळ्यांपर्यंत माल येत नाही. कोठीचं डोळ्यांना काय कळतंय?"

"अण्णा, उगाच वकिली करू नका. तीन वर्षांपूर्वी कावीळ झाली होती. पोटात अन्न नीट लागत नसेल. कोठी उतरली असेल."

"असेल, असेल. दोनदा 'असेल' म्हणालास मास्तर."

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलेत. मग काचेच्या कांडीवरून ते थेंब जिभेवर घेतलेत. "सरी, बरं. तू म्हणतोस तर सरी."

तुमच्या काविळीवर खानापूरच्या कुणा वैद्याने पाल्याचा रस दिला होता आणि ती बरी झाली असे सगळ्यांनी धरले होते. ती बरी झाली नव्हती. आत यकृत झिजत होते. हे तपासायला एका डॉक्टरची गरज होती. आपण गेलो नाही. आपल्याला वाटले, ह्या विषयातले आपल्याला डॉक्टरहून जास्त कळते. उंदराच्या बाबतीत ते खरेही होते.

थेंब चालू राहिले. रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून शनिवारी छोट्या बाटलीत घालून मी ते घरी द्यायचो आणि रविवारी वहिनी देत.

दोन महिन्यांनी तुमचे ओठ फुटू लागले. हाताची कातडी कोरडी झाली, सालपटे निघू लागली. केस कंगव्याला येत. डोके दुखते म्हणू लागलात. अण्णा, ए जीवनसत्त्व कमी पडले की कातडी कोरडी होते, हे आपल्या पहिल्याच वहीत आहे. ते जास्त झाले तरी कातडी कोरडी होते, ओठ फुटतात, डोके दुखते, हे चौथ्या वहीत आहे. दोन्ही माझ्याच अक्षरात. मला पहिली वही आठवली. मी थेंब वाढवले.

तुम्ही तेव्हाही एकदा म्हणालात, "मास्तर, थांबून बघू या का?"

मी म्हणालो, "आता कुठे सुरुवात झालीय. कोठी भरायला वेळ लागतो."

आणि वजन! महिन्याच्या पहिल्या शनिवारी उंदीर तोलून झाले की आपली सगळी मंडळी एकामागून एक पोती तोलायच्या काट्यावर उभी राहत. तुम्ही खडूने भिंतीवर आकडे लिहीत. ही रीत तुम्हीच घातलेली. फाल्गुनात तुमचे वजन वाढले. चैत्रात आणखी वाढले. तुम्ही काट्यावर उभे राहून पोटावर हात फिरवत म्हणालात, "बघा, आम्लावर ठेवलेला दिसतोय मी!" सगळे हसले. मी टाळी वाजवली. मला खरोखर आनंद झाला होता. वजन वाढते म्हणजे प्राणी सुधारतो, हे माझ्या हाडात मुरलेले. दंड वाळत चालले होते, गालाची हाडे वर आली होती, आणि वाढत होते ते पोटातले पाणी. कुठल्याही घरच्या बाईने ते ओळखले असते. वहिनींनी ओळखलेही होते. त्या म्हणाल्या होत्या, "भावजी, सदरा पोटावर होत नाही आणि खांद्यावरून गळतोय, हे कसलं सुधारणं?" मी त्यांना भिंतीवरचा आकडा सांगितला होता.

मुनियप्पा त्या शनिवारी हसला नाही. तो तुमच्याकडे नुसता बघत होता. मला तेव्हाच त्याचे वाक्य आठवायला हवे होते.

इस्पितळात डॉक्टरांनी तुमचे पोट ठोकून पाहिले, मग ओठ पाहिले, मग तळहाताची सालपटे. त्यांनी विचारले, "काही औषध घेत होता का? तेल, गोळ्या, काही?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलेही होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नाही ओ. घरचं जेवण, दुसरं काही नाही."

वहिनी तेव्हा खाली औषधाच्या खिडकीपाशी होत्या. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी तुमच्याजवळ आलो.

"अण्णा, का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? उंदराचं औषध घेत होतो म्हणून? हसतील."

एवढेच बोलून तुम्ही डोळे मिटलेत. मी त्या दिवशी डॉक्टरांच्या मागे जायला हवे होते. दुसऱ्या दिवशी गेलो. सगळे सांगितले. त्यांनी तुमचा कागद पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाले की यकृत आधीच फार बिघडलेले आहे. तेलाने त्यात किती भर घातली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही, कदाचित पुष्कळ. थेंब बंद करा. ते तर आधीच बंद झाले होते.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही डॉक्टरांना वहिनींसमोर सांगितलेत, "मी गेलो की माझ्या कोठीचा एक तुकडा मास्तरला द्या. त्याला मोजायची सवय आहे."

वहिनी म्हणाल्या, "काय हे अभद्र!"

"अभद्र कसलं? बारा वर्षं उंदरांचं मोजलं. एकदा माणसाचं मोजू दे की त्याला."

ही थट्टा होती, शिक्षा होती की माया, मला ठरवता येत नाही. तुम्हाला कळले होते काय? कळले होते म्हणूनच डॉक्टरांपुढे मला झाकलेत? आणि झाकायचेच होते, तर मग तो तुकडा माझ्या हाती का दिलात? मला वाचवायचे होते की तो आकडा मी स्वतः वाचावा असे हवे होते? तुमच्याशी अर्धवट राहिलेल्या वादांपैकी हा एकच मला खरोखर पुरा करायचा होता, आणि ह्यातली तुमची बाजू मला कधीच ऐकू येणार नाही.

वहिनींनी कागदावर सही केली. तुकडा छोट्या बाटलीत आला, बर्फात ठेवला. तेरावा होईपर्यंत मी त्याला हात लावला नाही. मग सगळे तयार केले आणि अडलो. ओतणारा होता. वाचणारा नव्हता. प्रयोगशाळेतल्या कुणालाही बोलावता आले असते. मला कुणाला तिथे बसवावेसे वाटेना. त्या दिवशी वहिनी तुमचा चष्मा आणि छत्री न्यायला आल्या होत्या. त्यांना कसे कळले कोण जाणे. म्हणाल्या, "मी वाचते. शाळेत गणित शिकवते मी, आकडे वाचता येतात मला."

मी त्यांना तुमच्या स्टूलवर बसवले. पडदे ओढले. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन असणार. मी म्हणालो, "मी 'ओतलं' म्हटलं की काटा चढेल. जिथे सर्वांत वर जाईल तो आकडा."

"ओतलं!"

काट्याकडे बघायचे सोडून त्या नळीकडे बघत राहिल्या. "अगंबाई, किती सुंदर निळा आहे!" म्हणेपर्यंत तो गेला.

दुसऱ्यांदा ओतले. ह्या वेळी त्यांनी बरोबर बघितले. म्हणाल्या, "भावजी, हा पट्टीच्या टोकाला जाऊन आपटला."

मी द्रावण दहापट पातळ केले. पुन्हा आपटला. पुन्हा पातळ केले. मग त्यांनी आकडा वाचला. तुमच्यासारखाच, मोठ्याने, एका दमात. मी लिहिला. बारा वर्षांत तसा आकडा मी कुठल्याही वहीत लिहिलेला नव्हता.

अंधारात त्यांनी विचारले, "कमी आहे का जास्त?"

मी म्हणालो, "पुरेसं आहे."

"म्हणजे चांगलं?"

"हो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटत होतं, माझ्याकडून रविवारचे थेंब कधी चुकले असतील."

मग चष्मा आणि छत्री घेऊन त्या गेल्या. मी पडदे उघडले नाहीत. नळी आम्लाने धुतली. अँटिमनीचा तो पांढरा साका काचेला किती चिकट बसतो ते तुम्हाला माहीत आहे.

कोठी रिकामी नव्हती, अण्णा. ठासून भरलेली होती. त्यातली किती तुमच्या खानापूरच्या लोण्याने भरली आणि किती मी, हे आकडा सांगत नाही. पण थेंबांची गरज नव्हती, एवढे तो सांगतो.

परवा आगबोटीच्या टपालाने नवी नियतकालिके आली. तुम्ही असता तर मुखपृष्ठ फाडेपर्यंत घाई केली असती. एका लेखात लिहिले आहे की यकृतातले ए जीवनसत्त्व आपले आपण रक्तात उतरत नाही. त्याला वाहून नेणारे एक निराळे प्रथिन आहे, आणि ते प्रथिन यकृतच तयार करते. म्हणजे यकृत आजारी पडले की कोठी भरलेली असूनही डोळे उपाशी राहू शकतात. माल आहे, पण न्यायला गाडी नाही. आणि गाडी नसलेल्या कोठीत मी आणखी माल टाकत होतो. तुमचा प्रश्न तुम्ही कांडी जिभेला लावायच्या आधी विचारला होता. त्याचे उत्तर जगात तेव्हा नुकतेच लिहिले जात होते. पण शंका तेव्हाही होती, आणि ती तुमच्या तोंडून निघाली होती. तुमचा मास्तर तुमचे विराम दुरुस्त करत राहिला, पण तुमचे प्रश्नचिन्ह त्याला दिसले नाही.

वहिनींशी खोटे का बोललो, ते मी स्वतःला फार चांगल्या शब्दांत समजावले आहे. रविवारचे थेंब त्यांच्या हातून गेले. त्यांना हे कळले तर त्या उरलेले आयुष्य त्या कांडीकडे बघत काढतील. हे खरे आहे. पण पुरते खरे नाही. मला त्यांच्या घरी कॉफीला जाता यायला हवे होते, एवढेच खरे आहे. त्या मला अजून 'भावजी' म्हणतात.

तुम्ही मला डॉक्टरांपुढे झाकलेत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि त्याबद्दलच मला तुमचा थोडा रागही येतो. तुमची जागा घेऊन मीही आता एकाला झाकतो आहे, आणि तो एक मीच आहे. हे तुम्हाला आवडले नसते. तुम्ही खराब आलेला आकडाही मला वहीत तसाच लिहायला लावायचात. "खोडू नको. खाली कारण लिही."

म्हणून हे कारण लिहिले. उद्या रविवार. जयनगरचा चर आता बुजवला आहे, रस्ता झाला आहे. घराला रंग लागायचा आहे, पण ओसरी तयार आहे. दुपारी, चांगल्या उजेडात जाईन. वहिनींना सांगेन की थेंब मी ठरवले, मी वाढवले. त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला, जसा तुम्ही ठेवलात. मग हे कागद त्यांच्या हातात देईन आणि समोर बसून राहीन. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायला द्यायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे. त्यानंतर त्या मला काय म्हणतील, किंवा काही म्हणणारच नाहीत, ते ऐकून घेईन.

त्या पहिल्या ओळीपासूनच घाईने वाचू लागतील, मला माहीत आहे. मी म्हणेन, सावकाश वाचा वहिनी. हे त्या निळ्यासारखे उतरून जाणारे नाही.